वात : एका शब्दाची उकल

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या धसईसारख्या भातशेतीच्या गावांत, गुडघे धरणे, बोटे आखडणे, कंबर भरून येणे आणि पहाटे अंथरुणातून उठताना अंग लाकडासारखे ताठणे या साऱ्या तक्रारींना पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव पुरत आले आहे, आणि ते नाव म्हणजे ‘वात’. हा शब्द सोयीचा आहे, कारण तो दुखणेही सांगतो आणि त्याच दमात त्याचे कारणही सांगून मोकळा होतो. परंतु याच सोयीमुळे परस्परांशी फारसा संबंध नसलेले पाच-सात आजार एका पदराखाली झाकले गेले. त्यांपैकी एक आजार, ज्याला आधुनिक वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि मराठीत सामान्यतः आमवात म्हणतात, हा गारठ्याने होत नाही, वयाने होत नाही आणि कष्टानेही होत नाही, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होतो, आणि ती उलटी फिरल्यावर तिला चेतवत ठेवण्याचे काम सायटोकाइन नावाची संदेशक प्रथिने करतात. या प्रथिनांचा शोध लंडन, न्यूयॉर्क, ओसाका येथील प्रयोगशाळांत लागला हे खरे असले, तरी आमवाताचा इतिहास केवळ प्रयोगशाळांचा इतिहास नाही. तो बऱ्याच अंशी ‘वात’ या एका शब्दाची टप्प्याटप्प्याने कशी फोड होत गेली त्याचा इतिहास आहे, आणि त्या फोडीतील काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्राच्या खेड्यांत घडलेले आहेत.

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार पडतो आणि शेतीचे सारे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत रोपांसाठी भात पेरायचे, पुढे शेतात पाणी तुंबवून चिखलणी करायची आणि मग दिवसदिवस कमरेत वाकून, पोटरीभर पाण्यात उभे राहून, रोपांच्या मुठी सोडवत आवणी करायची, हा या भागातील शेतकरी कुटुंबांचा क्रम आहे. त्यामागून बेणणी, कापणी आणि झोडणी येते. अशा जगण्यात हातपाय दुखले तर त्याचा दोष ओलीला, गारठ्याला आणि श्रमाला देणे अगदी स्वाभाविक होते, आणि गुडघ्याच्या झिजेच्या बाबतीत श्रमाला दिलेला दोष बराचसा बरोबरही होता. झिजेचे दुखणे काम केल्यावर वाढते आणि विसावा घेतल्यावर कमी होते. आमवाताची चाल नेमकी उलट असते : तो पहाटे सर्वांत जास्त जाचतो, हात तासभर किंवा त्याहून अधिक काळ आखडलेले राहतात आणि दिवस वर येऊन हालचाल सुरू झाली की सांधे सैल पडतात, सूज बहुधा दोन्ही हातांच्या बोटांची मुळे, मधली पेरे आणि मनगटे यांवर जोडीने येते, शिवाय बारीक ताप, मंदावलेली भूक आणि अकारण थकवा ही लक्षणे दाखवून देतात की आजार सांध्यापुरता नाही. स्त्रियांना तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात होतो आणि अनेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि शेत ही दोन्ही ओझी डोक्यावर असण्याच्या वयात, सुरू होतो. रोपांची मूठ धरणारे हातच त्याच्या तावडीत आधी सापडतात, आणि त्यामुळे आवणीच्या श्रमाचे दुखणे व आमवाताचे दुखणे यांतील भेद शेताच्या बांधावरून सहसा दिसत नाही.

वाताच्या घरगुती उपचारांची परंपरा या भागात समृद्ध आहे, आणि ती केवळ अज्ञानाची परंपरा म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. निरगुडीचा पाला उकळून त्याच्या वाफेचा शेक घेणे, एरंडाच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करून सांध्यावर बांधणे, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घेणे, बिब्ब्याचे कातडी भाजणारे तेल जपून लावणे आणि कशानेच गुण न आल्यास तापलेल्या लोखंडाने डाग देणे, असे हे उपाय चढत्या क्रमाने येत. उष्णतेने आखडलेला सांधा खरोखर सैलावतो, आणि डागाच्या नव्या वेदनेपुढे जुनी वेदना काही काळ मागे पडते, त्यामुळे या उपायांचा अनुभव सर्वस्वी खोटा नव्हता. त्याहून महत्त्वाचे कारण मात्र आजाराच्या स्वभावात आहे : आमवात भरती-ओहोटीसारखा वागतो, काही महिने उसळतो आणि काही महिने आपोआप ओसरतो, आणि दुखणे शिगेला पोचलेले असतानाच माणूस डाग घ्यायला तयार होत असल्यामुळे पुढच्या ओहोटीचे श्रेय डागाला मिळत राहते. सूज ओसरली तरी आतील हाड आणि कूर्चा कुरतडली जाण्याची क्रिया अनेकदा चालूच असते, आणि वाकड्या झालेल्या बोटांच्या रूपाने ती काही वर्षांनी बाहेर दिसते.

लोकव्यवहारात एकरूप झालेल्या या शब्दाची पहिली शास्त्रीय फोड आयुर्वेदाने केली. चरकसंहितेत वातव्याधी आणि वातरक्त यांचा स्वतंत्र विचार आहे. परंतु आमवाताला स्वतंत्र अध्याय मिळाला तो साधारणपणे सातव्या-आठव्या शतकात होऊन गेलेल्या माधवकराच्या रोगनिदानविषयक ग्रंथात, जो माधवनिदान या नावाने पुढे सर्वत्र अभ्यासला गेला. नीट न पचलेल्या अन्नरसाला आयुर्वेदात ‘आम’ म्हणतात, आणि हा आम वाताच्या जोडीने शरीरभर फिरून सांध्यांत साचतो तेव्हा आमवात होतो, असे तेथे मानले आहे. अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे, जडपणा, ताप, अवयवांना सूज आणि विंचू डसावा तशी सांध्यांतील वेदना, हे त्या वर्णनातील तपशील आजही रुग्णांच्या तोंडून ऐकू येतात. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने उपचारांत लंघन, शेक आणि एरंडेल यांना जे स्थान दिले ते पाहता खेड्यातील घरगुती उपाय आणि ग्रंथोक्त उपाय यांच्यात पूर्वीपासून देवघेव होती हे स्पष्ट होते. या निदानातून दोन गोष्टी निश्चितपणे साध्य झाल्या : एक म्हणजे हा आजार साध्या वातापासून वेगळा काढला गेला, आणि दुसरी म्हणजे त्याचे मूळ सांध्यात नसून साऱ्या देहात आहे, ही जाणीव नोंदली गेली. आम म्हणजेच आजची संदेशक प्रथिने, असे समीकरण मात्र मांडता येत नाही, कारण पहिली संकल्पना पचनाच्या सिद्धान्तातून आली आहे आणि दुसरी पेशींच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून. दोहोंत साम्य आहे ते प्रश्नाचे, उत्तराचे नव्हे.

युरोपातही असाच गोंधळ होता आणि तेथेही फोड हळूहळूच झाली. पॅरिसमध्ये ओग्युस्तँ लांद्रे-बोव्हे याने १८०० मध्ये, नेहमीच्या गाऊटपेक्षा निराळ्या आणि प्रामुख्याने स्त्रियांत आढळणाऱ्या सांध्यांच्या आजाराचे वर्णन केले. पुढे लंडनचा आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड याने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे दाखवले, आणि ज्यांच्यात ते वाढलेले नाही अशा या दुसऱ्या आजाराला १८५९ मध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिले. एखाद्या रासायनिक पदार्थाच्या आधारे दोन सांधेदुख्या वेगळ्या करण्याचा हा मोठा प्रयत्न होता. मात्र याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी दवाखान्यांच्या वार्षिक तक्त्यांत सांधे आणि स्नायू यांची बहुतेक दुखणी ‘ऱ्हुमॅटिझम’च्या एकाच रकान्यात पडत होती, म्हणजे गावातल्या ‘वाता’ला सरकारी कागदावर नवे नाव मिळाले, पण त्याची फोड काही झाली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या आजाराचा धागा प्रतिकारयंत्रणेपर्यंत जाऊन पोचला. नॉर्वेच्या एरिक वालर याने १९४० मध्ये आणि अमेरिकेच्या हॅरी रोज याने १९४८ मध्ये स्वतंत्रपणे पाहिलेला, आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातील एक चमत्कारिक घटक ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. रोगजंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात; हा घटक म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांवर धावून जाणारे प्रतिपिंड निघाले, आणि घराचा राखणदार घरच्यांवरच उठला असावा या संशयाला त्यामुळे बळ मिळाले. १९४८ मध्येच मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच याने एडवर्ड केंडॉलने वेगळे केलेले कॉर्टिझोन एका रुग्ण स्त्रीला दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. या कार्यासाठी हेंच, केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा आजार उलटवता येतो हे त्या घटनेने सिद्ध केले. परंतु औषध बंद करताच आजार परतत होता आणि चालू ठेवल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, चेहरा सुजणे असे परिणाम होत होते. कॉर्टिझोन नेमके काय थांबवते, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

त्या उत्तराची सुरुवात सांध्यांपासून दूर, विषाणूंच्या अभ्यासात झाली. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी १९५७ मध्ये दाखवले की विषाणूची बाधा झालेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात आणि हे निरोप प्रथिनांच्या रूपात असतात, ही कल्पना येथून रुजली. पुढच्या वीस वर्षांत असे अनेक निरोप्ये सापडले आणि प्रत्येक प्रयोगशाळेने त्यांना आपापली नावे दिल्यामुळे एकच प्रथिन चार-चार नावांनी ओळखले जाऊ लागले. तेव्हा १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील परिषदेत, श्वेतपेशींच्या आपापसातील निरोप्या या अर्थाने, ‘इंटरल्युकिन’ हे सामायिक नाव आणि त्यापुढे क्रमांक अशी पद्धत ठरली. दरम्यान १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथील लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उंदरांतील गाठी नष्ट करणाऱ्या एका प्रथिनाला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टीएनएफ, हे नाव दिले होते. १९८४ च्या सुमारास टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांची जनुके, तर १९८६ मध्ये ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाकडून इंटरल्युकिन-६ चे जनुक हाती आले, आणि ही प्रथिने शुद्ध रूपात तयार करून त्यांची एकेक करणी तपासणे शक्य झाले. सायटोकाइन हे या साऱ्या कुळाचे नाव. गावात दवंडी सर्वत्र ऐकू जाते, पण ज्याच्यासाठी हुकूम असतो तोच घराबाहेर पडतो. तसेच ही प्रथिने रक्तातून किंवा ऊतींतून सर्वत्र पसरत असली, तरी ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांचा ठरावीक ग्राहक-रेणू असतो तीच पेशी त्यांना प्रतिसाद देते.

आमवाताच्या सांध्यात तपासणी केल्यावर असे एक-दोन नव्हे तर डझनभर निरोप्ये एकाच वेळी आढळले, आणि त्यामुळे १९८० च्या दशकात बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी झाली की त्यांतील एखादा अडवून काहीही साधणार नाही, कारण त्याचे काम दुसरा करील. या समजुतीला लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीशी संबंधित गटाने छेद दिला. त्या गटाचे नेतृत्व मार्क फेल्डमन आणि १९३७ मध्ये लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांच्याकडे होते, आणि फिओनुला ब्रेनन यांचा त्यातील वाटा मोठा होता. रुग्णांच्या सांध्यातून काढलेल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांत टीएनएफला जखडणारे प्रतिपिंड घातल्यावर इंटरल्युकिन-१ ची निर्मितीही घटते, हे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा की निरोप्यांची गर्दी दिसत असली तरी तिच्यात उतरंड आहे आणि टीएनएफ हे त्या उतरंडीतले वरचे मडके आहे. १९९१ मध्ये ग्रीसमधील जॉर्ज कोलियास यांच्या गटाने, मानवी टीएनएफ अतिरिक्त प्रमाणात तयार करणाऱ्या उंदरांना आपोआप सांधेदाह होतो आणि टीएनएफ अडवल्यास तो टळतो, हे दाखवून दुसऱ्या बाजूने पुरावा जोडला. १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २० रुग्णांवर पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रतिपिंडाची पहिली चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००३ मध्ये मैनी व फेल्डमन यांना या कार्यासाठी लास्कर पारितोषिक देण्यात आले.

या संशोधनातून सांध्याच्या आत काय घडते याचे चित्र स्पष्ट झाले. निरोगी सांध्याचे अस्तर, ज्याला सायनोव्हियम म्हणतात, ते अतिशय पातळ असते आणि वंगणासारखा द्रव पाझरवते. आमवातात या अस्तरात श्वेतपेशींचे थवे येऊन बसतात. त्यांतील भक्षक पेशी टीएनएफ सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट होतात, आणखी पेशी आत ओढल्या जातात आणि अस्तर जाड होऊन कूर्चेवर पसरू लागते. इंटरल्युकिन-१ च्या प्रेरणेने अस्तरातील पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे तयार करतात, आणि टीएनएफ व इतर निरोप्ये मिळून हाड कुरतडणाऱ्या पेशींना जागे करतात. इंटरल्युकिन-६ चा पल्ला त्याहून लांबचा असतो : ते यकृताला सीआरपी नावाचे प्रथिन करायला लावते, जे रक्ततपासणीत दाहाची खूण म्हणून मोजले जाते, ते शरीरातील लोहाचा पुरवठा अडवून रक्तक्षय घडवते, आणि त्याचे रक्तातील प्रमाण पहाटेच्या सुमारास चढत असल्यामुळे सकाळच्या आखडण्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. बारीक ताप, भूक न लागणे, अंगात त्राण नसणे ही माधवकराने टिपलेली लक्षणे सांध्याच्या दुखण्याशी कशी जोडलेली असतात, हे या निरोप्यांच्या प्रवासातून समजते.

कॉर्टिझोनच्या कोड्याचाही उलगडा याच ज्ञानाने झाला. कॉर्टिझोन आणि त्याच्या जातीची स्टेरॉइडे पेशीच्या केंद्रकात शिरून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशा अनेक निरोप्यांची निर्मिती एकाच फटक्यात दडपतात. वातावरची म्हणून नाव-पत्ता नसलेली पुडी विकली जाण्याचा प्रकार देशाच्या अनेक भागांत डॉक्टरांना परिचित आहे, आणि तपासणीत अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळत आली आहे. अशी पुडी घेतल्यावर दोन दिवसांत उठून कामाला लागणाऱ्या माणसाला येणारा गुण खरा असतो, कारण प्रयोगशाळेतील महागडी औषधे ज्या प्रथिनांना लक्ष्य करतात त्यांनाच ती पुडीही दाबत असते. फरक इतकाच की ती सरसकट दाबते, मात्रा कोणाला ठाऊक नसते, आणि ती अचानक बंद झाल्यास जिवावर बेतू शकते.

हा आजार मुळात शहरी आणि सुखवस्तू लोकांचा आहे का, खेड्यांत तो किती आहे, या प्रश्नांना महाराष्ट्रातून मिळालेले उत्तर भारतापुरते महत्त्वाचे ठरले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा लोकाभिमुख कार्यक्रम सुरू केला होता, आणि त्याअंतर्गत पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण या गावी पाहणी हाती घेतली. तिची पद्धत तिच्या निष्कर्षांइतकीच महत्त्वाची होती : प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरील कार्यकर्ते घरोघर जाऊन कोणाला कुठे दुखते ते ठरावीक प्रश्नावलीने विचारत, ज्यांना दुखते त्यांची सविस्तर माहिती घेतली जाई, आणि त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टर त्यांना तपासत. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची काही ना काही तक्रार असल्याचे दिसले, परंतु आमवात निघाला तो सुमारे अर्धा टक्का लोकांत; उरलेल्यांत गुडघ्यांची झीज, कंबरदुखी आणि स्नायू-स्नायुबंधांची दुखणी यांचा भरणा होता. भिगवणचे हे प्रमाण मुरबाडच्या पूर्वपट्ट्याला लावले, तर दर हजार प्रौढांमागे वाताची तक्रार करणारे पावणेदोनशेच्या आसपास निघतील आणि त्यांतले पाचजण आमवाताचे असतील. ‘वात’ या शब्दाची अडचण या दोन आकड्यांतून नेमकी कळते : त्या पाचांना वेळीच औषध मिळाले नाही तर हात कायमचे वाकडे होतात, आणि बाकीच्या बहुतेकांना तसल्या औषधाची गरजच नसते.

या शब्दाला आणखी एक फाटा फुटला तो विषाणूमुळे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा विषाणू जणू दिसेनासा झाला, आणि २००५ च्या अखेरीस परतून २००६ मध्ये त्याने देशभरात जवळजवळ १४ लाख संशयित रुग्णांची नोंद करायला लावली, ज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचा वाटा मोठा होता. चिकुनगुनिया हे नाव आफ्रिकेतील माकोंदे भाषेतून आले असून वेदनेने वाकून जाणे असा त्याचा आशय आहे. ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने सुजलेले सांधे घेऊन येणारे रुग्ण आमवाताच्या रुग्णांसारखेच दिसत, आणि पुण्याच्या याच केंद्रातून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांतील दाहकारक सायटोकाइनांची मोजदाद करण्यात आली, तसेच त्यांच्यावर सर्रास वापरले जाणारे क्लोरोक्विन साध्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरत नाही हेही दाखवण्यात आले. डासाने सुरू केलेला दाह बहुतेकांत कालांतराने शमतो, आमवात मात्र आपणहून कायमचा क्वचितच थांबतो; म्हणून निरोप्ये तेच असले तरी त्यांना चेतवणारा कोण, हे ओळखल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, हा धडा महाराष्ट्राच्या गावांनी या साथीतून घेतला.

औषधांच्या इतिहासात एक भारतीय नाव आडवाटेने येते. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडला विरोध करणाऱ्या औषधांवर काम झाले, त्यांतून आधी ॲमिनॉप्टेरिन आणि नंतर मेथोट्रेक्सेट ही औषधे पुढे आली. १९५१ मध्ये ॲमिनॉप्टेरिन सांधेदाहात उपयोगी पडल्याची नोंद झाली, १९८५ मधील चाचणीने मेथोट्रेक्सेटवर विश्वास बसला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत घ्यायचे हे स्वस्त औषध आजही उपचारांचा पाया आहे, आणि ते चुकून रोज घेतले गेल्यास घातक ठरत असल्यामुळे वार ठरवून घेण्याची शिस्त रुग्णाला शिकवावी लागते. त्याने भागले नाही तर संदेशक प्रथिनांना अडवणाऱ्या औषधांकडे वळले जाते : टीएनएफला अडवणारी इटानर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडालिमुमॅब ही १९९८ ते २००२ या काळात अमेरिकेत मान्य झाली, इंटरल्युकिन-६ चा ग्राहक-रेणू अडवणारे टोसिलिझुमॅब जपानमध्ये २००८ मध्ये आमवातासाठी मान्य झाले, आणि निरोप पेशीच्या आत पोचल्यावर त्याची वाट अडवणारी टोफॅसिटिनिबसारखी तोंडाने घ्यायची औषधे २०१२ पासून आली. भारतात झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅबची सममूल्य आवृत्ती बाजारात आणल्यावर किमती उतरू लागल्या, तरी त्या शेतमजुराच्या आवाक्यात आल्या असे म्हणता येत नाही. शिवाय क्षयाच्या जंतूंना गाठींत कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफच करत असल्यामुळे ते अडवल्यावर सुप्त क्षय उसळू शकतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले, आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य ठरली.

या औषधांनी केवळ उपचार केले नाहीत, तर आजारांची वर्गवारीही नव्याने शिकवली. इंटरल्युकिन-१ अडवल्याने आमवातात फारसा लाभ होत नाही, पण मुलांमधील तापासह येणाऱ्या एका सांधेदाहात आणि गाऊटच्या उसळीत होतो. इंटरल्युकिन-१७ अडवणारी औषधे मणक्याच्या दाहात आणि सोरायसिसच्या सांधेदुखीत उत्तम ठरतात, पण आमवातात मागे पडतात. कोणता निरोप अडवल्यावर कोणते दुखणे थांबते, यावरून दुखण्याची जात ठरू लागली, आणि गॅरॉडने युरिक ॲसिडच्या आधारे सुरू केलेले काम संदेशक प्रथिनांनी पुढे नेले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘सायटोकाइनचे वादळ’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोचला, मुंबई-ठाण्यात टोसिलिझुमॅबसाठी नातेवाइकांची धावपळ झाली आणि आमवाताच्या रुग्णांचे नेहमीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काही काळ दुकानांतून नाहीसे झाले. ज्या औषधांची नावे तोवर मोजक्या रुग्णांनाच माहीत होती ती एका हंगामात साऱ्यांच्या तोंडी झाली.

धसईचे नाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून देशभर पोचले, आणि बाजारपेठेतील लहानमोठ्या दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. परंतु आमवाताच्या रुग्णाची वाट अजून जुन्याच टप्प्यांची आहे : आधी घरगुती शेक, मग वैदू किंवा पुडी, मग मुरबाडचा दवाखाना, मग कल्याण-उल्हासनगर आणि अखेरीस मुंबईतील मोठे रुग्णालय. या वाटेत जाणारा काळ हाच खरा तोटा आहे, कारण लक्षणे सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर सांधा वाचवता येतो आणि पुढे कुरतडले गेलेले हाड महागातले महाग औषधही भरून देऊ शकत नाही. भिगवणच्या पाहणीने दाखवून दिले की ही वाट आखूड करण्यासाठी पहिल्या पायरीला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, सूज दोन्ही हातांना आहे का, आणि हे किती आठवड्यांपासून चालले आहे, हे तीन प्रश्न गावातील आशा स्वयंसेविकाही विचारू शकते. मुरबाडच्या बोलीत ‘वात’ हा शब्द राहणारच आहे, आणि त्याने काही बिघडतही नाही. बिघडते ते तो शब्द ऐकून ऐकणारा पुढचा प्रश्न विचारायचा थांबतो तेव्हा.